‘आभार नकोत’ हे वाढणाऱ्याने म्हणायचं असतं, जेवणाऱ्याने नाही

खेड तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारीचं वय 38, लग्नाला 16 वर्षं झाली. नवरा कुवेतला असतो, दीड वर्षातून एकदा महिनाभर येतो. सासूबाईंना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत आणि त्यांचं सगळं हीच करते. धाकटी जाऊ मुंबईला असते. बकरी ईदला ती मिठाई आणि नवं पांघरूण घेऊन आली, तेव्हा सासूबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या, “माझी ही सून म्हणजे हिरा.” ही त्या वेळी पडवीत उभी होती, हातात बदललेला डायपर. रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “सवाब (पुण्य) मिळतोय ना? मग माणसांकडून काय पाहिजे तुला?” तेव्हापासून नमाजमध्ये मन लागत नाही. ती विचारते: कोणीतरी दोन शब्द बरे बोलावेत असं वाटतं, म्हणजे माझं ईमान (श्रद्धा) कमजोर आहे का? आणि अल्लाहकडे दिलासा मागायचा तर कसा मागू?

बेटी, पत्रात एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस. ‘रात्री दोनदा उठून कूस बदलते, त्यामुळे पाठीला जखम झालेली नाही.’ मी तिथेच थांबले. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम नाही, याचा अर्थ ज्याने केलंय त्यालाच कळतो. म्हणून बाकीचं बोलण्याआधी हे: जजाकिल्लाहु खैरन. अल्लाह तुला याचा उत्तम मोबदला देवो.

आता तुझा पहिला प्रश्न. नाही, तुझं ईमान कमजोर नाही. बावीस वर्षं मी घरातल्या तंट्यांचं समुपदेशन करते आणि आठवड्यातून एकदा मोहल्ल्यातल्या बायकांना कुराणाचा अर्थ सांगते. या दोन्ही ठिकाणी हा प्रश्न मला इतक्या वेळा भेटलाय की त्याचं उत्तर मी पैगंबरांच्या पहिल्या पत्नी बीबी खदीजांपासूनच (रजि.) सुरू करते.

हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि वागण्याची नोंद. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आहे. फरिश्ते जिब्रील (अलै.) पैगंबरांकडे (सल्ल.) आले आणि म्हणाले, खदीजा येताहेत, त्यांच्या हातात भांडं आहे. त्या भांड्यात कालवण होतं, खाणं होतं की पिण्याचं काही होतं, हे हदीस सांगणारा तिन्ही शब्द वापरून सांगतो. म्हणजे रोजचंच काहीतरी होतं. जिब्रील म्हणाले, त्या पोहोचल्या की त्यांना त्यांच्या रबचा (पालनकर्त्याचा) सलाम सांगा, माझाही सांगा, आणि जन्नतमधल्या अशा घराची खुशखबर द्या, जिथे गोंगाट नाही आणि दमणूक नाही.

बघ, बीबी खदीजांचा सवाब तर अल्लाहकडे नोंदलेलाच होता. ‘मिळणारच आहे, मग सांगायचं कशाला’ असं झालं नाही. हातात भांडं घेऊन चालत येणाऱ्या बाईला, ती चालत असतानाच, सलाम पाठवला गेला. आणि दमणूक नसलेलं घर! त्या दमल्या होत्या हे पाहिलं गेलं होतं, म्हणून तर. त्यांच्या निधनानंतरही घरात बकरी कापली की पैगंबर (सल्ल.) त्यांच्या मैत्रिणींकडे वाटे पाठवत. इतकं नाव घेत की नंतरच्या पत्नी बीबी आयशांना (रजि.) हेवा वाटे, आणि हे त्या स्वतःच सांगतात. ज्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, बाईच्या कष्टाची अशी दखल घेतली गेली, त्यात दखल घ्यावीशी वाटणं गुनाह कसं ठरेल?

तुझ्या नवऱ्याचं वाक्य मात्र मला नीट उलगडायचंय, कारण ते घराघरांत बोललं जातं. सवाबची गोष्ट खोटी नाही. कुराणात सूरह इन्सानमध्ये नेक लोकांचं वर्णन आहे: अल्लाहच्या प्रेमापोटी ते गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालतात आणि म्हणतात, ‘आम्ही तुम्हाला फक्त अल्लाहसाठी जेवू घालतो, तुमच्याकडून आम्हाला ना मोबदला हवा, ना आभार’ (76:8-9). आयत फार सुंदर आहे. पण ती कोणाच्या तोंडी आहे ते बघ. वाढणाऱ्याच्या. जेवणाऱ्याने ताटावर बसून म्हणायचं ते वाक्यच नाही. जेवणाऱ्यासाठी वेगळं सांगितलंय, आणि तेही तितकंच स्पष्ट: जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. अबू दाऊद आणि तिर्मिजीत ही हदीस आहे. तुझ्या नवऱ्याने तुझ्या वाट्याची आयत तुला ऐकवली आणि स्वतःच्या वाट्याची हदीस बाजूला ठेवली. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दूर असलेल्या मुलाला आईबद्दल अपराधी वाटतं आणि तो विषय लवकर मिटवायला बघतो, हे मी खूप वेळा पाहिलंय. पण ‘सवाब मिळेल’ हे दुआ म्हणून बोललं तर ऐकणारीला बळ देतं, आणि तोंड बंद करायला बोललं तर तिला एकटं पाडतं.

आणखी एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. आपण कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई कायदा मानणारे. शाफई घे किंवा हनफी घे, सासूची सेवा सुनेवर फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. आईची सेवा मुलांची जबाबदारी आहे. तू करतेस तो एहसान आहे, स्वतःहून केलेली नेकी. हे ऐकून तू उद्या हात काढून घ्यावास म्हणून मी सांगत नाही, आणि तू काढणार नाहीस हे पत्रावरून कळतंच. पण चार वर्षं जे कर्ज म्हणून फेडतेयस ते मुळात कर्ज नव्हतंच, हे तुला आणि तुझ्या नवऱ्यालाही माहीत असायला हवं.

आता दिलाशाकडे येते.

आपल्याकडे अब्दुल शकूर हे नाव किती घरांत असतं. शकूर हे अल्लाहचं नाव. शुक्र, शुक्रिया, शकूर हे सगळे एकाच मुळातून आलेले. बंद्याने शुक्र करायचा हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण शकूर म्हणजे थोड्याशा कामाचीही कदर करणारा. अल्लाह स्वतःला ते नाव घेतो. शाकिर हेही त्याच्यासाठी आलंय, आणि ते जिथे येतं ती जागा मी तुला दाखवते.

बीबी हाजरा, हजरत इब्राहीमांच्या (अलै.) पत्नी. मक्केची रखरखीत दरी, कुशीत तान्हं बाळ, पाणी संपलेलं, नवरा दूर. सफा टेकडीवर चढून बघितलं, कोणी नाही. समोरच्या मरवा टेकडीवर धावल्या, कोणी नाही. सात फेऱ्या. त्यांना ‘शाब्बास’ म्हणायला त्या दरीत माणूसच नव्हता. आज हजला आणि उमराला जाणारा प्रत्येक जण, राजा असो की हमाल, त्याच वाटेवर सात फेऱ्या घालतो. कुराणात सफा-मरवाचा उल्लेख एकाच आयतीत आहे, सूरह बकरा 158. ती आयत संपते कशी? ‘जो स्वखुशीने नेकी करेल, तर अल्लाह शाकिर आहे, अलीम आहे.’ कदर करणारा आणि जाणणारा. एका बाईच्या, कोणी न पाहिलेल्या धावपळीची जिथे खूण आहे, त्याच आयतीच्या शेवटी हे दोन शब्द ठेवलेत. मी ही आयत वर्षानुवर्षं वाचत होते. एके दिवशी शिकवता शिकवता हे जुळलं आणि मला पुढे बोलता येईना.

‘कदर’ हा आपला मराठी शब्दही मूळ अरबीच, लैलतुल कद्रमधला. कुराणात तो एके ठिकाणी असा येतो: ‘त्यांनी अल्लाहची कदर केली नाही, जशी करायला हवी होती’ (39:67). अल्लाहला आपल्या कदरीची गरज नाही, त्याला त्याने काही उणं पडत नाही. तरी मला या आयतीने आधार दिलाय. ज्याने डोळे दिले, पाऊस दिला, त्याचीही माणसांनी नीट कदर केली नाही. मग पडवीत उभ्या असलेल्या सुनेची ती चुकून राहून गेली, तर याचा अर्थ तिच्यात काही कमी आहे असा होत नाही. माणसाची ही जुनी खोड आहे.

तुझ्या सासूबाईंबद्दल दोन शब्द. आजाऱ्याला जिच्यावाचून चालत नाही, तिच्यावरच तो चिडतो, आणि चार दिवस येणारीचं कौतुक करतो. तुझ्यासमोर त्या रोज उघड्या पडतात. तुझे आभार मानायचे तर आपण किती परावलंबी झालोय हे तोंडाने कबूल करायला लागतं. धाकटीसमोर त्यांना घटकाभर पूर्वीची सासू होता येतं. यामुळे तुझं दुःख खोटं ठरत नाही. पण त्या वाक्यात तुझा धिक्कार होता असं मला वाटत नाही.

माझंही थोडं सांगते. माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्या गेल्या त्या दिवशी अंगणात सगळे माझ्या दिरांबद्दल बोलत होते, किती खर्च केला, कुठल्या कुठल्या डॉक्टरांना दाखवलं. मी चुलीजवळ होते. आत गुस्ल (शेवटची आंघोळ) द्यायला गावातली एक म्हातारी आली होती, आम्ही तिला खाला म्हणायचो. मी पाणी द्यायला गेले. खालाने मय्यतला एका कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला आणि वर न बघताच म्हणाली, “सहा वर्षं ना? एक डाग नाही. कोणी सांभाळली हिला?” मी काही बोलले नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाणी घालायला लागली. तेवढंच. पण त्या दिवशी मला कळलं की काम कुठे ना कुठे लिहिलं जात होतं, माझ्या सासूच्या पाठीवर लिहिलं जात होतं. ‘जो कणभर नेकी करेल तो ती पाहील’ (99:7) ही आयत मी त्याआधी हजारदा म्हटली होती.

तुला भीती असेल की अशी ओढ म्हणजे रिया, दिखावा. दिखावा म्हणजे लोकांनी बघावं म्हणून काम करणं. रात्री दोन वाजता कूस बदलताना कोण बघत होतं? केलेल्या कामाचं कोणी नाव घ्यावं असं नंतर वाटणं ही माणसाची भूक आहे. जपायचं ते एवढंच, की त्या भुकेपायी केलेल्याची यादी वाचून दाखवायची वेळ येऊ नये. एहसान बोलून दाखवून आणि मन दुखवून आपली खैरात वाया घालवू नका, असं कुराण सांगतं (2:264). खडकावर मातीचा पातळ थर असावा आणि एका सरीने तो धुऊन जावा, अशी उपमा तिथे आहे. कोकणातल्या माणसाला हा कातळ वेगळा समजावून सांगायला नको. नवऱ्याशी जरूर बोल, पण सासूबाईंना कूस बदलताना ‘मी नसते तर’ असं म्हणू नकोस.

मग बोलायचं कोणाशी? आधी अल्लाहशी, आणि खरं खरं. आपल्या बायकांना वाटतं, दुआमध्ये तक्रार म्हणजे नाशुक्री, कृतघ्नपणा. सूरह मुजादला सुरूच होते एका बाईच्या तक्रारीने. खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांच्या नवऱ्याने रागात ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी’ असं म्हणून त्यांना ना धड बायको ठेवलं ना मोकळं केलं. त्या पैगंबरांकडे (सल्ल.) गेल्या, वाद घातला, अल्लाहकडे गाऱ्हाणं मांडलं. बीबी आयशा (रजि.) त्याच घरात होत्या, तरी त्यांना काही शब्द ऐकू येत नव्हते. आणि आयत उतरली: ‘अल्लाहने त्या बाईचं बोलणं ऐकलं.’ तेव्हा नमाज संपल्यावर हात उचल आणि अरबीची काळजी न करता आपल्या घरच्या बोलीत बोल. ‘या अल्लाह, आज मला फार लागलं’ इथून सुरुवात कर. हजरत याकूबही (अलै.) हेच म्हणाले होते, ‘मी माझी व्यथा आणि दुःख अल्लाहपाशीच मांडतो’ (12:86).

नमाजमध्ये मन लागत नाही तर नमाज सोडू नकोस, पण स्वतःला छळूही नकोस. छोटी सूरह घे. सूरह दुहा घे, अकरा आयती. पैगंबरांकडे (सल्ल.) वह्य, म्हणजे अल्लाहचा संदेश, येणं काही काळ थांबलं होतं, लोक टोमणे मारत होते की याच्या रबने याला सोडलं. तेव्हा ती उतरली: ‘तुझ्या रबने तुला सोडलं नाही, आणि तो नाराजही नाही.’ अर्थ मनात ठेवून सावकाश म्हण. महिन्याच्या ज्या दिवसांत नमाज नसते, त्या दिवसांत बायका मला सांगतात की आता तर बोलायलाही कोणी नाही. असं नाही. त्या दिवसांतही दुआ आहे, जिक्र (अल्लाहचं स्मरण) आहे, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आहे. जानमाजवर, नमाजच्या चटईवर, बसून नुसती तसबीह (जपमाळ) ओढ.

एक दुआ तुझ्यासाठी काढून ठेवलीय. हजरत मूसा (अलै.) मिसरमधून (इजिप्तमधून) पळून मदयनला पोहोचले, उपाशी, अनोळखी. विहिरीवर दोन मुली आपली जनावरं अडवून बाजूला उभ्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं. मुली निघून गेल्या. त्यांनी हाक मारून काही मागितलं नाही, सावलीत जाऊन बसले आणि म्हणाले, ‘रब्बि इन्नी लिमा अनजल्त इलय्य मिन खैरिन फकीर.’ हे रब, तू माझ्याकडे जे काही भलं पाठवशील, त्याची मला गरज आहे (28:24). पुढच्याच आयतीत त्यांतली एक मुलगी लाजत परत येते आणि सांगते, आब्बा तुम्हाला पाणी पाजल्याचा मोबदला द्यायला बोलावताहेत. मला यातला ‘फकीर’ शब्द आवडतो. काम करून दमलेल्या माणसाने मला गरज आहे म्हणावं, यात कमीपणा नाही. एवढे मोठे पैगंबर म्हणाले.

आणि झोपताना तसबीह-ए-फातिमा: सुबहानल्लाह 33, अल्हम्दुलिल्लाह 33, अल्लाहु अकबर 34. तुला पाठ असेलच. तिच्यामागची गोष्टही आठव. बीबी फातिमांचे (रजि.) हात जातं ओढून सोलवटले होते, त्या वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या. भेट झाली नाही. पैगंबरांना (सल्ल.) निरोप कळला तेव्हा ते रात्री लेकीच्या घरी आले. ती दोघं, फातिमा आणि त्यांचे पती अली, आडवी झाली होती, उठायला लागली तर उठू नका म्हणाले आणि दोघांच्या मध्ये बसले, इतके जवळ की हजरत अलींना (रजि.) त्यांच्या पायांचा गारवा जाणवला. मग ही तसबीह शिकवली. नोकर मिळाला नाही, हे खरं. पण लेक दमलीय असं ऐकून बाप उठून आला, हेही त्याच गोष्टीत आहे, आणि आपल्याकडे सांगताना तेवढंच गळतं.

आता नवऱ्याशी. पुढच्या फोनवर सासूबाईंचा किंवा जावेचा विषय काढू नकोस. एवढंच म्हण: “मला सवाब हवाच आहे, आणि तुमच्या तोंडून दोन शब्दही हवेत. आठवड्यातून एकदा मला विचारा की तू कशी आहेस, आईचं विचारण्याआधी.” माणसांना ‘माझी कदर करा’ हे समजत नाही, ‘हे एवढं करा’ समजतं. तो दीनची भाषा बोलतो तर त्याच भाषेत सांग: पैगंबर (सल्ल.) घरात काय करायचे असं बीबी आयशांना (रजि.) विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असायचे.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. जिथे मारहाण आहे, उपाशी ठेवणं आहे, तिथे मी सबर सांगत नाही. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण वाचणारी कोणी असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि जुलूम झालेल्याने तो उघड बोलावा ही मुभा खुद्द कुराणात आहे (4:148). दुसरं, रडू दोन-दोन आठवडे थांबत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती आता मनाची दुखापत आहे, आणि दुखापतीला डॉक्टर लागतो. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. ‘अल्लाहच्या बंद्यांनो, उपचार करा’ हीही पैगंबरांचीच (सल्ल.) शिकवण.

शेवटचं काम धाकट्या जावेकडे आहे. तिला मनातून उतरवू नकोस. ती वाईट बाई आहे असं मला कुठे दिसलं नाही, तिला फक्त माहीत नाही. सुट्टीत ती येईल तेव्हा आठ दिवस आधी सांग की या वेळी सांभाळायचं तू, मी माहेरी जाते. एक दिवस बरोबर राहून तिला सगळं दाखव: कूस कधी, उशी कुठे, गोळ्या कोणत्या. तक्रारीच्या सुरात नको, शिकवतात तसं. मग पिशवी उचल आणि जा.

पहिल्या रात्री सवयीने तुला दोनला जाग येईल. कूस बदलायला शेजारी कोणी नसेल. रात्रीच्या त्या शेवटच्या प्रहरात रब विचारतो, कोण आहे मागणारा, की मी त्याला देऊ. उठावंसं वाटलं तर उठ, नमाजसाठी वुजू कर, हातपाय धू. नाही वाटलं तर स्वतःची कूस बदल आणि झोप.